वीजबिलाची तक्रार लेखीच हवी

जास्तीचे वीजबिल हाती पडले की आपल्या वस्त्यांमध्ये तीनपैकी एक गोष्ट घडताना मी पाहतो. कोणी उसनवारी करून गुपचूप भरून टाकतो. कोणी ओळखीच्या कार्यकर्त्याला घेऊन कार्यालयात जातो, तिथे ‘बघतो’ असे उत्तर मिळते आणि तो निर्धास्त होऊन घरी येतो. कोणी संतापून बिल भरणेच बंद करतो. पहिल्याचे पैसे गेले. दुसऱ्याच्या हातात तक्रार केल्याचा पुरावा नाही. तिसऱ्याच्या दारात काही महिन्यांनी थकबाकी, व्याज आणि जोडणी तोडायला आलेला माणूस असे सगळे एकदमच येते.

चौथी वाट विद्युत अधिनियमात २००३ सालापासून आहे. बिलातली आपल्याला मान्य असलेली रक्कम आणि वादाची रक्कम वेगळी करायची, कायद्याने सांगितलेली रक्कम हरकत राखून वेळेवर भरायची, आणि तक्रार लेखी देऊन तिची पोच घ्यायची. एवढेच. पण हे एवढेसुद्धा आपण करत नाही, आणि त्यामुळे हक्काची बाजू असूनही हरतो.

बोनकोडेसारख्या गावठाणात या गोष्टीचे मोल जास्त आहे. सिडकोच्या सेक्टरांमध्ये सोसायटी असते, सचिव असतो, फाइल असते. गावठाणात भिंतीला भिंत लागून चार-पाच मजल्यांच्या इमारती आहेत, जिन्याखाली मीटरांची रांग आहे आणि अर्ध्याहून जास्त खोल्यांत भाडेकरू असतील. मीटर एकाच्या नावावर, वीज वापरणारा दुसरा, बिल येते तिसऱ्याच्या मोबाइलवर. वीज तुटली तर खिडकीतून वाराही न येणाऱ्या खोलीत पंखा बंद पडतो, पाण्याची मोटर थांबते, दहावीच्या मुलीचा अभ्यास थांबतो, फ्रिजमधले आजीचे इन्सुलिन खराब होते. त्यामुळे लोक भीतीपोटी आधी पैसे भरतात आणि प्रश्न नंतर विचारतात. बहुतेकदा नंतरही विचारत नाहीत.

आधी बिल वाचा

भांडणाची सुरुवात बिलाच्या एकूण रकमेपासून करू नका. आधी तीन गोष्टी पाहा: मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि दोन्हींच्या तारखा. मग जिन्याखाली जाऊन मीटरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक’, ‘फॉल्टी’ किंवा ‘इनॲक्सेस’ असा शेरा असेल, तर ते बिल मीटर वाचून आलेले नाही, अंदाजाने आलेले आहे. अंदाजाची बिले दोन-तीन महिने लहान येतात आणि मग एके दिवशी खरे रीडिंग घेतले की सगळे युनिट एकाच बिलात कोसळतात.

इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. घरगुती विजेचे दर पायऱ्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त, आणि ५०० च्या वर सर्वांत जास्त. समजा एका घराने दर महिन्याला १२० युनिट वापरले आणि तीन महिन्यांचे ३६० युनिट एका बिलात आले. हे सगळे एकाच महिन्याचे धरले, तर १०० युनिट पहिल्या पायरीत, २०० दुसऱ्या पायरीत आणि ६० तिसऱ्या पायरीत जातील. तीन महिन्यांत वाटले, तर ३०० युनिट पहिल्या पायरीत आणि फक्त ६० दुसऱ्या पायरीत बसतील. तिसऱ्या पायरीत एकही नाही. वीज तेवढीच, बिलात मात्र मोठा फरक. म्हणून एकत्रित बिल आले की पहिला प्रश्न हाच विचारायचा: युनिट महिन्यांत विभागून पायऱ्यांचा लाभ दिला आहे का?

२०२० च्या टाळेबंदीत हा प्रश्न राज्यभर पेटला होता. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस महावितरणने मीटर वाचणे थांबवले आणि आधीच्या महिन्यांच्या सरासरीवर बिले दिली. ती सरासरी हिवाळ्याची होती. माणसे मात्र उन्हाळ्यात, दिवसभर घरात होती. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेतल्यावर एकत्रित बिले आली आणि हाहाकार उडाला. कंपनीचे म्हणणे होते की युनिट महिन्यांत विभागलेले आहेत आणि वापर खरोखरच वाढला होता. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी तीन हप्त्यांची सोय आणि एकरकमी भरणाऱ्यांना २ टक्के सवलत जाहीर केली. त्या गोंधळातून मी एक धडा घेतला. काहींची बिले खरोखर चुकीची होती, अनेकांची युनिटांच्या हिशेबाने बरोबर होती. पण कोणते बिल कोणत्या गटातले हे सांगता येत होते ते फक्त ज्यांच्याकडे आपल्या मीटरच्या रीडिंगची नोंद होती त्यांना. बाकीच्यांकडे फक्त राग होता.

मीटरवर संशय असेल तर

एक साधी तपासणी घरच्या घरी होते, पण ती दोघांनी करावी. एकाने घरातला मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्याने खाली मीटरवरचा दिवा पाहायचा. घरातली वीज बंद असतानाही तो लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा दुसऱ्या कुणाची वायर आपल्या मीटरला जोडली गेली आहे. दाटीच्या इमारतीत, जिथे एकाच पेटीत पंधरा मीटर आहेत, तिथे वायरींची अदलाबदल ही काही अघटित गोष्ट नाही. मात्र मीटरला, सीलला किंवा वायरीला स्वतः हात लावू नका. आपल्या मीटरची बाजू खरी असूनही तुटलेले सील आपल्यालाच गुन्हेगार ठरवू शकते.

केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी ग्राहकांच्या हक्कांचे नियम अधिसूचित केले. मीटरचे रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर ३० दिवसांत मीटर तपासायचे, असे हे नियम सांगतात. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर घातली: अशी तक्रार आल्यापासून पाच दिवसांत वीज कंपनीने जादा मीटर बसवायचे आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून पाहायचा. स्मार्ट मीटर बसल्यावर बिल वाढले अशी कुजबुज गल्लोगल्ली चालते. त्या प्रत्येकाला माझे एकच सांगणे आहे: कुजबुज करू नका, या नियमाचा उल्लेख करून जादा मीटर लेखी मागा. तीन महिन्यांनी खरे-खोटे आपोआप समोर येईल. वाढ मीटरमुळे नसून जुन्या फ्रिजमुळे आहे असे निघाले, तरी तुमचा फायदाच आहे.

याच नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. सलग दोनदा मीटरपर्यंत पोहोचता आले नाही असे कंपनी म्हणत असेल, तर ग्राहक नोंदणीकृत मोबाइलवरून किंवा ईमेलने रीडिंगचा तारखेसह फोटो पाठवू शकतो. आणि आपत्तीसारखी असाधारण परिस्थिती नसताना अंदाजाची बिले दोन बिलचक्रांपेक्षा जास्त काळ येत राहिली, तर प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत पैसे भरायला ग्राहक नकार देऊ शकतो. पण हा नकारही तोंडी नको. लेखी द्या, नाहीतर तुमच्या नावापुढे ‘थकबाकीदार’ एवढाच शेरा उरेल.

वीज तुटू नये म्हणून

सर्वांत महत्त्वाचे कलम ५६. बिल थकले म्हणून वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल, तर ग्राहकाने हरकत राखून दोन रकमांपैकी कमी असलेली रक्कम भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. पहिली रक्कम म्हणजे कंपनीने मागितलेली पूर्ण रक्कम. दुसरी म्हणजे मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी दरमहाची रक्कम. ज्या घराचे बिल दरमहा हजार-बाराशे येत होते आणि अचानक अठरा हजार आले, त्या घराला अठरा हजारांसाठी दागिना गहाण टाकण्याची गरज नाही. कायद्यानेच त्याला श्वास घ्यायला जागा दिली आहे. अट एकच: सरासरीची रक्कम भरायची आणि ती हरकत राखून भरत असल्याचे लिहून द्यायचे. न भरता नुसते भांडत बसलात, तर हे संरक्षण मिळत नाही.

त्याच कलमाचा दुसरा भाग जुन्या थकबाकीबद्दल आहे. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली आणि मधल्या बिलांत ती थकबाकी म्हणून सतत दाखवली गेली नाही, तर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. अजमेरच्या वीज कंपनीविरुद्ध रहमतुल्ला खान या ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२० रोजी याचा खुलासा केला. जुलै २००९ ते सप्टेंबर २०११ या काळातल्या बिलांत चुकीचा दर लागला होता, आणि फरकाची मागणी थेट २०१४ मध्ये आली. न्यायालयाने म्हटले की चूक सापडल्यावर कंपनी मागणी करू शकते, कायद्याच्या इतर मार्गांनी वसुलीही करू शकते. पण मुदतीबाहेरच्या मागणीसाठी वीज तोडण्याचे हत्यार तिला वापरता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने त्याआधी मार्च २०१९ मध्ये महावितरणच्याच प्रकरणांत सांगितले होते की पहिली मागणी केली त्या दिवसाच्या मागे दोन वर्षांपलीकडच्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. ‘मागच्या सात वर्षांचा फरक’ असे कुणाच्या बिलात आले, तर या दोन निकालांचा उल्लेख अर्जात करा.

दार कुठले ठोठवायचे

पहिला अर्ज उपविभागीय कार्यालयात. तिथे दाद लागली नाही, तर कायद्याच्या कलम ४२ नुसार स्थापन झालेला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. आपला वाशी विभाग भांडुप परिमंडळात येतो, त्यामुळे आपला मंच भांडुपचा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते. वीज तुटण्याची धमकी असेल, तर अर्जातच अंतरिम आदेश मागावा. मंचाचा निर्णय पटला नाही, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर इथे लोकपाल आहेत. या वाटेवर वकील करावाच लागतो असे नाही. कागद मात्र लागतात.

पहिला अर्ज कसा असावा, याचा नमुना देतो. लांबलचक कैफियत नको.

‘ग्राहक क्रमांक अमुक. अमुक महिन्याचे बिल अमुक रुपयांचे आले आहे. मागील सहा महिन्यांची सरासरी अमुक आहे. बिलावरील रीडिंग अमुक, आज मीटरवर दिसणारे रीडिंग अमुक. फोटो जोडला आहे. हे बिल मला मान्य नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार सरासरीची रक्कम मी हरकत राखून भरत आहे. मीटर तपासावे, बिल दुरुस्त करावे आणि तोपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये, ही विनंती.’

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर अर्ज स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. १९१२ वर फोन केला असेल, तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

भाडेकरू आणि घरकाम करणाऱ्या बहिणी

भाडेकरूला वाटते की मीटर मालकाच्या नावावर, आपल्याला बोलायचा काय अधिकार? पण कायद्याच्या व्याख्येत ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे तोही ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात म्हटले की वीज ही मूलभूत सुविधा आहे, आणि घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून ती भाडेकरूला नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच पाहायचे. म्हणून मालकाशी भांडण न करता भाडेकरूने दोन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक महिन्याच्या बिलाची प्रत आणि दिलेल्या पैशांची पावती. भल्या मालकाला यात गैर वाटण्याचे कारण नाही.

घरात शिलाई मशिन चालवणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, डबे करणाऱ्या बहिणींना वेगळीच भीती दाखवली जाते: ‘व्यावसायिक वापर आहे, दंड बसेल.’ महावितरणच्या २०२० आणि २०२३ च्या दर आदेशांत राहत्या घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाला, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल तर, घरगुती दरच लागू ठेवला आहे. सध्याच्या दरपत्रकात आपली नोंद कोणती आहे ते पाहून घ्या आणि कोणाच्या तोंडी धमकीवर पैसे काढून देऊ नका. कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी आली, तर गोष्ट गंभीर आहे: दुप्पट दराने हिशेब होतो, आणि त्या तक्रारीला ग्राहक तक्रार निवारण मंच किंवा ग्राहक न्यायालय चालत नाही. तिथे आधी मूल्यांकन अधिकाऱ्यापुढे लेखी हरकत आणि अंतिम आदेशानंतर ३० दिवसांत अपील, हाच रस्ता आहे. अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून पहिल्या हरकतीलाच सगळे पुरावे द्यावेत.

‘आपल्याच वस्तीला’ ही भावना

आपले नातलग मुंब्र्यात, भिवंडीत, मालेगावात आहेत. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून आणि मुंब्रा-शीळ-कळव्यात १ मार्च २०२० पासून वीजवितरणाचे काम फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर पाहते. मालेगावातही २०२० पासून खासगी फ्रँचायझी आहे. या शहरांत बिलांवरून मोर्चे निघाले, धरणी झाली, निवडणुकांत आश्वासने दिली गेली. तिथून एक वाक्य नेहमी कानावर येते: आपल्या वस्त्यांनाच जास्त बिले येतात. ही वेदना मी झटकून टाकणार नाही. पण तिचे दोन भाग करायला हवेत. युनिटचा दर वस्ती पाहून ठरत नाही. तो नियामक आयोग ठरवतो, आणि फ्रँचायझीचा ग्राहकही परवानाधारक महावितरणचाच ग्राहक राहतो. मंच आणि लोकपाल त्यालाही खुले आहेत. दर सारखा असूनही रीडिंग चुकीचे, मीटर सदोष किंवा वागणूक उर्मट असू शकते, आणि ती सिद्ध करायची तर कागद लागतो. एका गल्लीतल्या चाळीस घरांनी पोचसह चाळीस अर्ज दिले, तर भेदभावाचा आरोप आरोप राहत नाही, नोंद होते. मोर्चाला माझा विरोध नाही. पण मोर्चा पांगल्यावर टेबलावर काय उरते, हे पाहिले पाहिजे.

आणि दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आपल्या गल्लीतला आकडा सगळ्यांना माहीत असतो आणि त्यावर कोणी बोलत नाही. राज्यात भारनियमन होते, तेव्हा फीडरवरची गळती आणि वसुली पाहून भागांचे गट पाडले जात. जिथे गळती जास्त, तिथे अंधार जास्त. त्यात नियमाने बिल भरणारी विधवाही अंधारातच बसे. चोरलेली वीज कुणाच्या तरी खात्यावर पडतेच, आणि संपूर्ण मोहल्ल्याच्या नावाला डाग लागतो तो वेगळा. ज्याला बिलावर हक्काने बोट ठेवायचे आहे, त्याने आकड्यावरही बोट ठेवायला हवे. कलम १३५ खाली वीजचोरी हा गुन्हा आहे, हे तर आहेच. पण इन्साफ मागणाऱ्याचा हिशेब आधी स्वच्छ असावा, हे त्याहून मोठे कारण आहे.

आपण काय करू शकतो

मला आपल्या चळवळीकडून मोठ्या घोषणेची अपेक्षा नाही. प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल, दोन खुर्च्या आणि अर्ज लिहू शकणारी दोन मुले-मुली असावीत. मशिदीचे आवार चालेल, समाजमंदिर चालेल, शाळेचा व्हरांडा चालेल; शेजारचा आगरी भाऊ आणि उत्तर भारतीय भाडेकरू दोघांनाही तिथे यावेसे वाटले पाहिजे, कारण मीटर धर्म विचारत नाही. तिथे तीनच कामे व्हावीत: बिल वाचून दाखवणे, अर्ज लिहून देणे आणि मुदतीच्या तारखा वहीत नोंदवणे. पैसे घ्यायचे नाहीत, कुणाची बाजू खोटी असेल तर तिला अर्जही लिहून द्यायचा नाही.

घरात ज्यांच्याकडे खर्चाची वही असते त्या बहुतेक स्त्रियाच आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढण्याचे काम त्यांच्याइतके चोख कोणी करणार नाही. वर्षभराचे बारा फोटो, बारा बिले आणि बारा पावत्या एका पिशवीत ठेवा. वाद झाला, तर तुमच्या बाजूने बोलणारा साक्षीदार त्या पिशवीत असेल. वाद झाला नाही, तरी आपल्या घरात वीज कुठे जाते हे तुम्हाला कळलेले असेल, आणि पुढचे बिल थोडे कमी आले तर त्याचे श्रेय पूर्णपणे तुमचे असेल.